नको असलेलं प्लगइन

दाताच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोघी बहिणी हळू आवाजात बोलत होत्या.

"ताई, दुकानाची वेबसाइट फार रखडत होती, म्हणून तिला जोडलेली नको ती प्लगइन्स काढायला घेतली."

"मग?"

"त्यात एक भलतंच निघालं. मी वेबसाइट उघडली, की मी कुठे आहे ते एका पत्त्यावर मेलनं कळवतं."

"कोणाच्या?"

"ह्यांच्या. घटस्फोटाआधी साइट त्यांनीच बनवून दिली होती ना."

"अगं बाई!"

"त्यांच्या भीतीनं मी तीन घरं बदलली, ताई. दर वेळी हे दारात हजर. मला वाटायचं, शेजारीपाजारी कोणीतरी सांगतंय."

"काढलंस ना ते?"

"काढलं. 'नक्की काढायचं का?' असं विचारलं त्यानं. मी 'हो' दाबलं."

"मग सुटलीस की! आता रडतेस कशाला?"

"काढल्यावर खाली एक ओळ आली. 'बंद केल्याची सूचना ठिकाणासह पाठवली आहे.'"

"कधी काढलंस?"

"आत्ता. इथे बसूनच."

"इथून?"

"ताई?"

"ऊठ. पर्स घे. आणि पुढच्या दारानं नको."