घोट्यावर घोटा

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि ज्यांच्या कापसाच्या गोदामात आमचा वर्ग भरतो ते आदरणीय अण्णाजी, व्यासपीठावरची पाहुणे मंडळी, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या माधवी मॅडम, पहिल्या रांगेत बसलेल्या अनुसयाबाई, आणि समुद्रपूरच्या माझ्या बंधू-भगिनींनो,

बँकेची नोकरी सांभाळून मॅडमनी आम्हा बायका-मुलींना जिउ-जित्सू, म्हणजे गादीवरची जपानी कुस्ती, शिकवलं. ते नाव ऐकून तुमच्यातले किती जण हसले होते? मीही हसले होते. चाळिशी उलटल्यावर गादीवर लोळायला कोण जातं? पहिल्याच दिवशी वर्गातली अंजू म्हणाली, "काकू, तुमी तं गाठोड्यावानी पडता." मॅडम म्हणाल्या, "पडू दे. गाठोडं मोडत नाही."

मॅडमचा आवडता धडा पाठीचा. समोरच्याच्या पाठीला छाती टेकवायची, हात छातीभोवती घालायचे, दोन्ही टाचा त्याच्या मांड्यांच्या आत अडकवायच्या. पण एका घोट्यावर दुसरा घोटा कधी चढवायचा नाही. चढवला की पुढचा माणूस त्यावर आपला पाय दाबतो आणि आपलाच घोटा मुरगळतो. हा धडा आम्ही डोळे मिटून करायचो. मागून कोण आलं, ते पुढचीनं नुसत्या पायांवरून ओळखायचं. तुम्हाला खोटं वाटेल, पण हळूहळू ओळखता येतं. माणसाचे पाय त्याच्या आवाजासारखेच असतात.

अनुसयाबाईंची रक्षा मात्र ओळखायला फार सोपी. ती घोटे गुंतवायचीच. मॅडम तिच्या पायावर टिचकी मारायच्या. "काऊन गुंतवते गं?" आम्ही विचारायचो. ती म्हणायची, "मोकळे ठेवले का पडतो असं वाटते मले."

दिवाळीच्या आधी तापाचं निमित्त झालं आणि रक्षा गेली. तिच्याबद्दल इथे जास्त बोलणार नाही. तिची आई समोर आहे.

वर्ग पुन्हा सुरू झाला तेव्हा अंजू डोळे मिटून गादीवर बसली होती. थोड्या वेळानं ती सहज म्हणाली, "ही रक्षा." कोणी हसलं नाही. कारण तिच्या मागे जायची पाळी माझी होती, आणि मी अजून भिंतीपाशी पट्टा बांधत होते. अंजूच्या मांडीवरचं कापड दाबलं गेलेलं मी पाहिलं. मग ते हळूच सैल झालं.

पुढे ते माझ्याही वाट्याला आलं. पाठीला ऊब लागत नाही. श्वास ऐकू येत नाही. फक्त पोटाखाली घोट्यावर घोटा. मॅडमनी शिकवलेली सोडवणूक मला येत होती. पाय टाकून दाबायचं, बस. आमच्यापैकी एकीनंही ते केलं नाही.

अनुसयाबाईंना हे कसं कळलं, ठाऊक नाही. त्या रोज संध्याकाळी येऊन दाराशी बसू लागल्या. मॅडमच्या बदलीची आणि गोदामात पुन्हा कापसाच्या गाठी भरणार असल्याची बातमी आली, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "मंग माही रक्षा कुठं येईन, बाई?"

परवा मॅडमचा शेवटचा वर्ग होता. "आज पुढं कोण बसतं?" त्यांनी विचारलं, आणि अनुसयाबाई उठल्या. पदर खोचून गादीवर बसल्या, डोळे मिटले. आम्ही सगळ्या भिंतीशी होतो. पंखा बंद होता. बघता बघता त्यांच्या मांडीवरचं लुगडं दबलं. मॅडम सवयीनं पुढे गेल्या, टिचकीसाठी हात नेला. अनुसयाबाईंनी तो हात वरच्यावर धरला.

"राहू द्या मॅडम. लहानपणी पाठुंगळी घेतली का अशीच धरे. पडन थे."

मॅडम तिथेच खाली बसल्या. आमच्यासमोर त्या रडल्या, ते पहिल्यांदाच.

म्हणून अण्णाजी, भरल्या सभेत आपल्याकडे एक मागणं आहे. गोदामाची किल्ली मॅडमकडून परत न घेता माझ्या हाती द्यावी. शिकवायला मी कच्ची आहे, पण डोळे मिटून बसायला मला येतं. आपण होकाराची मान हलवलीत, ती सर्वांनी पाहिली. आपले उपकार मानते.

मॅडम, नव्या गावी सुखानं राहा. ज्यांनी ऐकून घेतलं त्यांची मी ऋणी आहे. बोलण्यात काही अधिक-उणं आलं असेल तर ते माझं समजून पोटात घाला. आता चहा आहे, सर्वांनी घेऊन जावं. फक्त खुर्च्या उचलणाऱ्या मुलींनो, अनुसयाबाईंच्या मागची खुर्ची एवढ्यात हलवू नका.