चढलेला पंचम

चाळीस वर्षं भजनात पेटी वाजवली की कान आगाऊ होतात. माझेही झाले होते.

माझी लेक वारली आणि तिची मुलगी साक्षी लातूरचे क्लास सोडून आमच्याकडे उमरीला आली. पोर बोलायची नाही. आईनं घेऊन दिलेलं युकुलेले, म्हणजे चार तारांचं बारकं गिटार, वाजवायची आणि दर वेळी एकाच जागी थांबायची. तिथला सूर मला खटके. एकदा ती आंघोळीला गेली तेव्हा मी वरची तार थोडी उतरवून तो सूर गोड केला.

बाहेर येऊन तिनं वाजवलं आणि थबकली.

"आबा, तुम्ही हात लावला का?"

"पंचम चढला होता, बाई. उतरवला."

"तो चढलेलाच असतो! ऑगमेंटेड कॉर्ड हाय तो, सूर एकत्र वाजवायचे. पंचम मुद्दाम एक घर पुढं दाबायचा. जीव टांगल्यावानी होतो, अन् पुढच्या कॉर्डवर गेलं की निवतो."

"मग तू पुढं का जात न्हाईस?"

ती म्हणाली, "मम्मी माझ्यासंगं तिथपर्यंतच शिकली होती."

मी तार पुन्हा चढवली. म्हणालो, "मला शिकव."

माझ्या ताठ बोटांना तो कॉर्ड दाबायला आठ दिवस लागले. नवव्या दिवशी तो नीट वाजला. मी थांबलो आणि म्हणालो, "आता पुढचा दाखव."

तेव्हा ती पहिल्यांदा रडली. मग तिनं माझी बोटं एकेक करून उचलली आणि पुढच्या घरांवर ठेवली.