दाउवेच्या प्लेटलेट आणि राहून गेलेली सही

सन्माननीय अध्यक्ष फान लूनेन साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, प्रयोगशाळेतील सहकारी, अगत्यानं आलेले रक्तदाते आणि सत्कारमूर्ती विट्स्के तेर्पस्ट्राबाई,

माझ्या हातातल्या कागदाकडे आत्ताच लक्ष देऊ नका. चार गोड शब्द बोलून केककडे वळायचं, असंच ठरलं होतं. पण बारा वर्षं एक गोष्ट दडवून ठेवली आहे, ती आज बोललो नाही तर कधी बोलणार?

त्या फेब्रुवारीत कालवे गोठले होते. अशा दिवसांत आपल्या लेवार्डन शहरात रक्तदाता घरी सापडतो का? सगळे स्केट बांधून बर्फावर! आणि वॉर्डात येल्त्ये, वय एकोणतीस, रक्ताचा कर्करोग, हिरड्यांतून रक्त थांबत नव्हतं. रक्त थांबवायला दिलेल्या प्लेटलेट तिचं शरीर तासाभरात मारून टाकायचं. पेशींवरच्या खुणा जुळणारे दाते सहा, सहाही बर्फावर. बाकीच्या दात्यांत घरी एकटा दाउवे सिक्मा, तोही पाय मुरगळला म्हणून. पण येल्त्येच्या रक्ताचं जिच्याशी हाडवैर, नेमकी तीच खूण त्याच्या कार्डावर.

मी रक्तपेढीचा डॉक्टर. म्हणालो, "जमणार नाही."

"डॉक्टर, कार्ड आपण पांढऱ्या पेशी पाहून लिहितो," प्रयोगशाळेतल्या आपल्या तेर्पस्ट्राबाई म्हणाल्या. "प्लेटलेटवर ती खूण माणसागणिक कमीजास्त असते. दाउवेच्या प्लेटलेटवर ती नावालाच आहे. तीनदा तपासलंय मी."

"कुठं लिहिलंय?"

"माझ्या वहीत. पेन्सिलीनं."

"पेन्सिलीनं! आणि ती पोरगी गेली तर?"

"आणि तुम्ही असेच उभे राहिलात तर?"

मी "वॉर्डात जाऊन येतो" म्हणून निघालो. वॉर्डात गेलो नाही. कोट ठेवायच्या खोलीत बसलो, घाबरून. परतलो तेव्हा दाउवे खुर्चीत होता आणि कुरकुरत होता, "पाय दुखतोय माझा, तुम्ही हाताला काय टोचताय!" फॉर्मवर डॉक्टरच्या जागी बाईंनी सही केली होती.

प्लेटलेट चढल्या. मग तासभर वाट पाहायची. बाई पावाला लोणी लावत बसल्या होत्या, आणि ते लावता येत नव्हतं त्यांना. तेव्हा कळलं, भीती मला एकट्यालाच नव्हती.

प्लेटलेट चार हजारांच्या एकतीस हजार झाल्या. रक्त थांबलं. पुढच्या आठवड्यात वरिष्ठांनी फॉर्म न पाहताच माझी पाठ थोपटली, "धाडसी निर्णय, डॉक्टर!" मी "आभारी आहे" म्हणालो. शेजारीच बाई नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या.

अध्यक्ष महाराज, तो फॉर्म मी आणलाय. खाली मी आज लिहिलंय, "निर्णय तेर्पस्ट्राबाईंचा. मी पळालो होतो." सही तेवढी राहिली आहे.

आपण शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला, त्या दिवशीचं मात्र घालू नका. कुणाकडे पेन आहे का?

नको बाई, या खेपेला पेन्सिल नको.