मेनायचे वाफे कोण चालवणार?

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा मेरेरिदबाई, ज्यांच्या रग्बी क्लबच्या छपराखाली आपण सगळे कोरडे बसलो आहोत. व्यासपीठावर विराजमान असलेले कौन्सिलर गेरेंट पॅरीसाहेब. ज्यांच्या निवृत्तीचा हा सगळा थाट, ते आमचे तांडेल इद्वल बेब. त्यांच्या शेजारून मघापासून ‘हात खिशातून काढ’ अशा खुणा करणाऱ्या त्यांच्या पत्नी, मेनिरकाकू. आणि बंदरावरच्या माझ्या बंधू-भगिनींनो,

आपणा सर्वांना नमस्कार.

मी वैदोतास. हे नाव तुमच्या जिभेवर कधी नीट बसलं नाही, म्हणून इथे सगळ्यांसाठी मी ‘वाय’ आहे. लिथुआनियातून आलो, शाळा नववीतच सुटली, माईक पहिल्यांदाच हातात घेतोय. मला एका जागी उभं राहता येत नाही. बोलताना इकडून तिकडे फिरलो तर ते उद्धटपणात धरू नका.

मेरेरिदबाईंनी मला दोन अटी घातल्या आहेत. थोडक्यात बोल, आणि राजकारण काढू नकोस. पहिली पाळायचा प्रयत्न करतो. दुसरीचं काय करायचं? शिंपल्यांच्या बोटीवरचा धडधाकट तांडेल अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी का बसतोय, हे राजकारण न काढता कुणाला सांगता येत असेल, तर त्यानं इथे यावं, मी खाली बसतो. पॅरीसाहेब? नको म्हणताय. बरं.

आणखी एक गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण कुणी बोलत नाही. गेल्या रविवारी तांडेलांनी मला घरी जेवायला बोलावलं. मेंढीचं मटण होतं, पुदिन्याची चटणी होती. जेवता जेवता मान वर न करता ते म्हणाले, “बोट तू घे. शिंपल्यांचे वाफेपण घे. माझ्या नावाच्या जागी तुझं नाव लागेल. मी सांगितलंय कचेरीत.” मी म्हटलं, “तांडेल, विचार करून सांगतो.” तर म्हणाले, “कर की. समारंभात सांग. तेवढीच लोकांना करमणूक.”

तर तुम्ही केक खाताय आणि माझ्याकडे बघताय ते त्यासाठी. मला कळतंय. सांगतो. पण आधी या माणसाबद्दल बोलू द्या. आलोय त्याचसाठी.

मी पहिल्यांदा बोटीवर चढलो तेव्हा यांनी मला एक शिंपला दाखवला. काळा, अंगठ्याएवढा. विचारलं, “हा काय करतोय?” मी म्हटलं, “काही नाही.” म्हणाले, “बरोबर. तेच त्याला शिकवायला एक वर्ष लागलं.” मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. ती थट्टा नव्हती. लांबच्या वाळूवरून पिल्लं खरवडून आणायची आणि मेनायच्या खाडीतल्या उथळ वाफ्यांवर पसरायची, अशी की प्रत्येक ओहोटीला ती उघडी पडावीत. वारा लागतो, थंडी लागते, आणि शिंपला तोंड मिटून पाणी आत धरायला शिकतो. मग तो ट्रकमध्ये घाला, समुद्र ओलांडून हॉलंडला न्या, तिथे जिवंत पोचतो. न शिकलेला वाटेतच तोंड उघडतो आणि मरतो. हे शिक्षण मेनायइतकं चांगलं कुठे होत नाही, असं डच व्यापारी योरिस म्हणायचा. तो हावरट माणूस आहे, उगाच कुणाची स्तुती करत नाही.

योरिस माल न्यायचा, तिकडच्या स्वच्छ समुद्रात ठेवून धुवायचा आणि विकायचा. इथे विकायचा प्रश्नच नव्हता. मेनिरकाकू म्हणतात, आपली माणसं शिंपल्याकडे अशी बघतात जणू तोच त्यांच्याकडे बघतोय. हसू नका, तुम्हीच ती माणसं.

मग युरोपातून बाहेर पडायचं की नाही, याचं मतदान झालं. बोटीवर आम्ही चौघं होतो, त्यात मत मला नव्हतं, त्यामुळे बोलायचा हक्कही नव्हता. तरी मी बोललो. म्हटलं, “तांडेल, आपला सगळा माल त्या बाजूला जातो, आणि तुम्ही त्या बाजारातून बाहेर पडायला मत देताय?” तर म्हणाले, “आपल्या पाण्यातले मासे आपल्यालाच राहावेत म्हणून मत देतोय.” म्हटलं, “आपण मासे पकडत नाही.” म्हणाले, “तू जाळं धू.”

काय म्हणालात, तांडेल? मोठ्यानं बोला, मागे ऐकू जात नाही. “धुतलं नव्हतंस.” हो, नव्हतं धुतलं.

त्या वेळी पॅरीसाहेब बंदरावर आले होते, याच क्लबात बोलले होते. विक्रीला काही होणार नाही, डच माणसाला शिंपले हवेतच, तो काय उपाशी बसणार आहे? टाळ्या पडल्या. साहेब, मी तुमच्यावर राग धरून नाही. तुमचं तेव्हा खरंच तसं मत होतं, आणि योरिसला शिंपले खरंच हवे होते. अजून हवे आहेत. तो आम्हाला फोन करून रडतो. पण बाहेरच्या देशातून असा न धुतलेला जिवंत शिंपला आत घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम जुनाच होता. आपण आत होतो तोवर तो आपल्याला लागू नव्हता, एवढंच. पाणी तेच, वाफा तोच, आपण मात्र एका रात्रीत बाहेरचे झालो. इथे टाक्या बांधून धुवावेत, तर टाकीत राहिलेल्या शिंपल्याला पुढचा प्रवास झेपत नाही, आणि बोटभर शिंपल्याला घरभर टाक्या कोण बांधणार?

बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या जानेवारीत तांडेलांनी एक ट्रक पाठवून बघितला. कुणीतरी सांगितलं होतं की सुरुवातीला सांभाळून घेतील. दक्षिणेच्या बंदरावरून तो परत पाठवला.

इथे जे झालं ते या माणसालाच होऊ शकतं, म्हणून सांगतो. तांडेल, रागावू नका. ट्रक आपल्या बंदरात आला, दार उघडलं, पोती टपटपत होती. यांच्या अख्ख्या हयातीत माल कधी परत आलाच नव्हता. परत आलेल्या मालाचं काय करतात, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. दुसरा कुणी असता तर खतात घातला असता. यांनी एक शिंपला कानाशी धरला आणि म्हणाले, “जिवंत आहेत रे. घरी टाकू त्यांना.” आम्ही बोट काढली आणि सगळा माल सगळ्यात जवळच्या वाफ्यावर ओतला. त्या वाफ्यावर त्या वर्षीची पिल्लं होती. वरचे दमलेले शिंपले मेले, कुजले, त्यांचा चिखल झाला आणि खालची पिल्लं गुदमरली. वसंतात ओहोटीला आम्ही चालत गेलो तर पायाखाली सगळं काळं, आणि वास असा की मेनिरकाकूंनी आम्हाला दोन दिवस मागच्या दारानं घरात घेतलं. तांडेल त्या वाफ्यावर उभे राहिले आणि म्हणाले, “यांना मी घरी आणलं होतं.”

त्यानंतर आम्ही काय काय केलं! हॉटेलांची दारं वाजवली, बाजारात छत्री लावून फुकट वाडगे वाटले. चौघांतले दोघं गेले, एक पवनचक्क्यांवर, एक सुपरमार्केटात. उरलो आम्ही दोघं. एकदा मी चिडून विचारलं, “तुम्ही ते मत माझ्यासारख्यांना घालवायला दिलंत का?” त्यांनी सुकाणू वळवलं. म्हणाले, “तुझ्याविरुद्ध नव्हतं रे.” म्हटलं, “मग कुणाविरुद्ध?” त्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. मी ते परत विचारलंही नाही, कारण हाच माणूस माझी आई वारली तेव्हा मला विमानतळावर सोडायला रात्रभर गाडी चालवत आला होता. आता तुम्हीच सांगा, अशा माणसावर नीट रागावता तरी येतं का?

बरं, मेरेरिदबाई घड्याळ दाखवतायत. उत्तर देतो.

वाफे मी घेणार नाही, तांडेल.

थांबा, कुजबुज नको. ऐकून घ्या. मला ते नकोत म्हणून नाही. मेनायच्या चिखलात माझे बूट जितके रुतलेत तितके माझ्या गावच्या मातीतही रुतले नसतील. पण ज्या मालाला दार नाही तो माल वर्षभर शिकवत बसायचा, आणि एक दिवस मीही तो कानाशी धरून ‘घरी टाकू’ म्हणायचं, हे मला जमणार नाही. मी अजून तिशीतही नाही. रात्री झोप लागत नाही, पाय नुसते हलत असतात.

योरिसनं मला तिकडे त्याच्या बोटीवर घेतलंय. सोमवारपासून. मी युरोपचा, मला परवाना लागत नाही; पिशवी उचलायची आणि जायचं. खरं तर त्यानं दोघांना बोलावलं होतं. म्हणाला, “शिकाऊ नको, मास्तर पाठव. मास्तर येत असेल तर शिकाऊ फुकट चालेल.” तांडेलांनी चौकशी केली. मेनिरकाकूंशिवाय कुणाला सांगितलं नाही, आज मी सांगतोय. ज्या समुद्रावर हा माणूस आयुष्यभर माल पाठवत आला, तिथे काम करायला आता त्याला परवाना लागतो. आणि परवान्याच्या यादीत शिंपले शिकवण्याचं काम नाही, म्हणून तो मिळत नाही. त्या दिवशी बोटीवर ते एवढंच म्हणाले, “मीसुद्धा न धुतलेलाच निघालो.” आणि हसले. मला हसता आलं नाही.

तिकडे नव्या बोटीवर मला पहिल्या दिवशी विचारतील, कुणाच्या हाताखाली शिकलास? मी नाव सांगेन, ते तिथे सगळ्यांना ठाऊक आहे. मग विचारतील, तो का नाही आला? परवान्याचं कारण मी सांगेन. पण शिंपल्याच्या बोटीवरची माणसं तेवढ्यावर सोडत नाहीत. ती विचारतील, मग त्यानं तसं मत का दिलं?

मी त्यांना काय सांगू?

या क्लबनं मला बोलू दिलं, चहा-केक केला, इतकी वर्षं एका परक्याला आपल्या टेबलावर जागा दिली, त्याबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार. मेनिरकाकू, तुमच्या मागच्या दाराचेसुद्धा. बोलण्याच्या ओघात कुणाचं मन दुखावलं असेल, मोठ्यांचा मान राहिला नसेल, तर अडाणी पोर समजून पोटात घाला.

मी खाली येतोय. नाही, तांडेल, उठू नका. माईक मी तुमच्याकडे आणतोय. बसूनच बोला.