आतला मेंढा, बाहेरची मेंढरं

...आणि वर माझ्यावरच शिट्टी फुंकली हो! कुणी? माझ्या जावयानं! पोटची लेक दिली ज्याला, त्यानं! राखणदाराचे कपडे अंगावर चढले म्हणून काय सासऱ्यावर शिट्टी फुंकायची? 'मामा, तारेपासून लांब व्हा, मेंढरं मागं घ्या.' दुसरा कुणी असता तर त्याच्या सात पिढ्या तिथंच उद्धरल्या असत्या मी, पण जावई पडला ना! जिभेच्या टोकावर आलेली शिवी गिळली आणि म्हटलं, 'बरं, जावईबापू.' बरं तर बरं, पण मेंढरं काय वारा खातील?

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा उगाच करवादतोय. वस्तीमागचं कुरण माहिताय ना? उन्हाळ्यात सगळीकडचं गवत जळून खाक होतं, पण त्या एका कुरणात तग धरतं. माझा बाप तिथं चारायचा, त्याचा बाप चारायचा, आणि पाऊस येईस्तोवर कळप जगायचा तो त्यावरच. एवढं सोपं आहे. यात न कळण्यासारखं काय आहे, सांगा!

तर एक दिवस आले पशुखात्याचे साहेब. टेप काढली, शिंप्यासारखी मापं घेतली. कान माप, शेपूट माप... माझ्या काळतोंड्या मेंढ्याचं तोंड उघडून दातसुद्धा मोजले! तोही शहाणा, गप उभा. मला म्हणतात, 'आजोबा, ही फार दुर्मिळ जात आहे हो!' म्हटलं, 'असेल बाबा, मला तर रोज दिसते.' मग म्हणाले, 'जात वाचवायला केंद्र काढतोय आम्ही, हा नर द्याल का?'

आता आमच्यात रीत कशी आहे, तुम्हाला सांगतो. चांगला मेंढा कुणी मागितला तर नाही म्हणायचं नाही. विकायचाही नाही. त्यानं न्यावा, आपल्या कळपात सोडावा, काम झालं की आणून आपल्या दारात बांधावा. परत कधी आणणार, असं विचारणंसुद्धा हलकं दिसतं. मी नाही विचारलं! म्हातारी मागून कुजबुजतेय, 'अहो, माणूस आपल्यातला नाही, विचारून तरी घ्या.' मी खेकसलो, 'गप बस, रीत म्हणजे रीत!' आणि दोर साहेबाच्या हातात. तो दोर हातात घेऊन साहेब असे हसले, असे हसले... मला वाटलं, माणूस गोड आहे!

केंद्र झालं. कुठं? कुरणात! चारी बाजूंनी तार, फाटकावर भला मोठा फलक, फलकावर काळतोंड्याचा फोटो. मला वाचता येत नाही, तिथंच राखणदार म्हणून लागलेल्या जावयानं वाचून दाखवलं, 'मामा, लिहिलंय, या दुर्मिळ जातीसाठी राखीव कुरण.' आतमध्ये काळतोंड्या आणि कुठून कुठून आणलेल्या मूठभर मेंढ्या, पोटापर्यंत गवतात बुडालेल्या. आणि बाहेर तारेला नाक लावून कोण उभं? काळतोंड्याची आई! मावश्या! लेकी! मेंढरं काय वारा खातील हो?

गेलो साहेबांकडे. पंखा फिरतोय, साहेब चहा पितायत. म्हटलं, 'साहेब, जात वाचवताय ना? मग बाहेर उभी आहे ती कुणाची जात?' 'आजोबा, बाहेरचा कळप आत घेतला तर आतल्यांना रोग लागेल.' 'अहो, आतल्याची आई आहे बाहेर!' 'नियम आहे.' बरं, म्हटलं, मग काळतोंड्या तरी परत द्या, आता माझ्या कळपाला नर लागेल. तर कपाळाला आठ्या घालून म्हणतात, 'तो आता केंद्राचा. जातसुद्धा केंद्राच्या नावावर लागली.' म्हटलं, 'निवडून निवडून वाढवली आम्ही, आणि नावावर तुमच्या?' 'आभार मानलेत ना फलकावर!' कुणाचे? तर स्थानिक पशुपालकांचे. म्हणजे कोण? म्हणजे मी! माझी मलाच ओळख पटेना.

तोवर इकडं कसाई दोनदा येऊन मेंढरांच्या पाठी चाचपून गेला. 'काका, हाडं लागायच्या आधी बोला.' तोंडावर बोलला, मेला! म्हातारी पहाटेच कळप घेऊन मोठ्या रस्त्याच्या कडेनं जाते, गाड्यांच्या धुरात वाळक्या काड्या शोधत. लेकीनं नवऱ्याशी बोलणं टाकलंय. जावई माझ्याजवळ रडकुंडीला येतो, 'मामा, मी काय करू? फाटक उघडलं तर नोकरी जाईल.' आता त्याला तरी काय बोलणार? त्याची लेकरं माझीच नातवंडं. तीही वारा खाणार नाहीत.

परत गेलो. म्हटलं, साहेब, निदान गाभण मेंढ्या तरी आत घ्या, नाहीतर जात तुमच्या फलकावरच राहील. साहेबांनी विचार केला. बराच केला. म्हणाले, 'वर विचारतो. तोवर तुम्हीच या ना आत! पाहुणे येतात बघायला, मेंढ्याशेजारी काठी घेऊन मेंढपाळ उभा असला की शोभा येते.' शोभा! मी हो म्हटलं. काय करणार? रोज डोळ्यांसमोर उभा राहिलो तर वर विचारायचं विसरणार तरी नाहीत.

तेव्हापासून रोज जातो. जावई फाटक उघडतो, अदबीनं म्हणतो, 'या मामा.' काळतोंड्या येतो, काखेत डोकं खुपसतो. तारेपलीकडून म्हातारी कळप घेऊन निघते, मेंढरं मान वळवून माझ्याकडं बघतात, आणि मला त्यांच्याकडं बघवत नाही हो... परवा तर पाय आपोआपच तारेकडं वळले. गवतात चार पावलं गेलो असेन, तोच मागून साहेब ओरडले, 'आजोबा, गवतावर पाय देऊ नका! दुर्मिळ आहे ते!'