टपावरचं पॅनल

माझी वायरिंग चुकत नाय, हे मी उगाच म्हणत नाय. हर्सूलच्या साळव्यांचंच घ्या. त्यांच्या टुरिस्ट गाडीत फ्रिज अन् पंख्यांसाठी मी दुसरी बॅटरी बसवली, ती चार्ज करायला टपावर सोलर पॅनल लावलं. आठवड्यानं साळवे क्रांती चौकातल्या माझ्या दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "दिवसभर गाडी उन्हात उभी असती, तरी बॅटरी भरत नाय. उद्या पाहुणे घेऊन अजिंठ्याला जायचंय."

मी म्हणालो, "माझी चूक निघाली तर दुकान बंद करतो."

भर दुपारी त्यांच्या घरी जाऊन शिडीनं टपावर चढलो. पॅनल दिसेचना. त्यावर जुनं लुगडं अंथरून उडदाचे पापड वाळत घातले होते.

खालून साळव्यांच्या आई म्हणाल्या, "जरा जपून, वले हायेत अजून."

"मावशी, ह्याच उन्हावर बॅटरी भरते."

"मंग संध्याकाळी काढते की मी."

मी लुगडं पापडांसकट उचललं, तसं मीटरनं चार्जिंग दाखवलं. मावशींनाही ते पटलं.

"काच लई झकास तापती," त्या म्हणाल्या. "अजून एक बसवा. हे बॅटरीला, ते मला."