कराव्याची बरणी

मधमाश्यांकडे सेंट मारून कोणी जातं का? मी गेले ना!

मला जुन्या काचेचं वेड, घरी शोकेसमध्ये रिकाम्या बरण्या मांडून ठेवलेल्या. करावे गावात नामदेवदादा घरामागे लाकडी पेट्यांमध्ये मधमाश्या पाळतात. त्यांच्याकडे मधाची एक हिरवट काचेची बरणी दिसली, काचेत बारीक बुडबुडे अडकलेली. मी तिथेच हटून बसले.

‘दादा, ही मला द्या ना.’

‘माजे आयची हाय ती. रिकामी दिली तर तू शोकेसमदी ठेवशील. पेटी उघडायला शिक, सोताच्या हातानं भर, मंग ने.’

म्हटलं, ठीक आहे. पहिल्याच रविवारी कपाळावर तीन डंख! नांग्या उपटत दादा म्हणाले, ‘आता येनार नाय तू.’

पुढच्या रविवारी सेंट न लावता हजर. असे चार महिने गेले. शेवटी पोळं न मोडता मध काढला, बरणी गळ्यापर्यंत भरली आणि घरी आणली. ती शोकेसमध्ये गेलीच नाही, ओट्यावर राहिली.

उलट पुढच्या रविवारी शोकेसमधल्या पाच बरण्या पिशवीत घालून मी परत दादांच्या दारात.

‘आता काय झाला?’

‘दादा, ह्यापण रिकाम्याच आहेत.’